उण्या प्रकाशाचा जमाखर्च
स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटची चार दशकांची वाटचाल

बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या होमवुड आवारात सॅन मार्टिन ड्राइव्ह नावाचा वळणावळणाचा रस्ता आहे. त्याच्या कडेच्या एका इमारतीवर ना घुमट आहे, ना गच्चीवर दुर्बीण. खगोलशास्त्राच्या संस्थेची म्हणून जी खूण आपण शोधतो, ती बाहेरून कुठेच दिसत नाही. ज्या दुर्बिणीसाठी हे घर बांधले, ती सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवरून साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. घरात आहेत ती माणसे, संगणक आणि वेळापत्रके.

हबल दुर्बिणीने काढलेली चित्रे आता दिनदर्शिकांवर आणि शाळांच्या भिंतींवर जाऊन बसली आहेत. ती याच संस्थेतून जगभर गेली. पण संस्थेच्या कोठारात असाही ऐवज आहे, जो कुणी भिंतीवर लावणार नाही. वेड्यावाकड्या रेघेचे ते हजारो आलेख आहेत, आणि रेघेला मधूनमधून खाचा पडलेल्या आहेत. क्वेसारपासून, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या झगझगीत केंद्रापासून, निघालेला अतिनील प्रकाश वाटेत कुठे आणि किती गळाला, त्याची ही नोंद. दीर्घिकांच्या गटांमध्ये पसरलेला आणि कोणत्याही छायाचित्रात न उमटणारा विरळ वायू या खाचांमधूनच हाती लागत आला आहे. संस्थेची वाटचाल चित्रांच्या बाजूने अनेकदा सांगून झाली आहे. इथे ती खाचांच्या बाजूने सांगायची आहे.

संस्थेच्या आधीची पंचवीस-तीस वर्षे

या गोष्टीचा मूळपुरुष लायमन स्पिट्झर. माणसाने अजून एकही उपग्रह सोडला नव्हता, तेव्हा १९४६ साली स्पिट्झर यांनी एका अहवालात वातावरणाबाहेर मोठी दुर्बीण ठेवण्याचे फायदे लिहून काढले. त्यातला एक फायदा निर्विवाद होता. ओझोन आणि हवेतले इतर रेणू अतिनील किरणे जमिनीपर्यंत पोचू देत नाहीत. आपल्या त्वचेच्या दृष्टीने ते बरेच आहे, पण खगोलशास्त्रज्ञाची त्यात मोठी गैरसोय होते. कारण हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन या विश्वात विपुल आढळणाऱ्या मूलद्रव्यांच्या ठळक खुणा नेमक्या या पट्ट्यात आहेत. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा १२१.६ नॅनोमीटरला पडते. आठांपैकी पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची जोडरेषा १०३.२ आणि १०३.८ नॅनोमीटरला. जमिनीवरची दुर्बीण कितीही मोठी केली, तरी जवळच्या विश्वातल्या या रेषा तिला दिसायच्या नाहीत.

१९५६ साली स्पिट्झर यांनी आणखी एक तर्क मांडला. आपल्या आकाशगंगेच्या चकतीपासून बऱ्याच उंचीवर थंड वायूचे ढग सापडत होते. रिकाम्या जागेत असे ढग विरून जायला हवेत. ते टिकून आहेत, त्या अर्थी त्यांना बाहेरून दाबून धरणारे काहीतरी आहे. ते काहीतरी म्हणजे दहा लाख अंशांच्या आसपास तापलेला अतिविरळ वायू असावा आणि त्याची खूण अतिनील शोषणरेषांमध्ये सापडावी, असा तो तर्क. पुढे १९६९ मध्ये जॉन बाकॉल आणि स्पिट्झर यांनी सुचवले, की क्वेसारच्या वर्णपटात दिसणाऱ्या कित्येक शोषणरेषा वाटेतल्या दीर्घिकांभोवतीच्या अशाच विस्तीर्ण वायूमुळे पडत असाव्यात.

शोषणरेषेचा हिशेब आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. तालुक्याला मंजूर झालेले अनुदान आणि गावात प्रत्यक्ष पोचलेली रक्कम यांत फरक असतो. वाटेतल्या प्रत्येक हाताचा वाटा ठरलेला असेल, तर नुसत्या तुटीवरून हात कुणाचा ते ओळखता येते. अणूंचे तसेच असते. हायड्रोजन आपल्या ठरलेल्या तरंगलांबीलाच प्रकाश खातो, ऑक्सिजन आपल्या. शिवाय विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या वायूने पाडलेली खाच लांब तरंगांकडे सरकलेली दिसते. म्हणून कोणी खाल्ले याबरोबरच कोणत्या मुक्कामी खाल्ले, हेही कळते. खाचेच्या रुंदीवरून वायूच्या तापमानाचा आणि खळबळीचा अंदाज येतो, तर खोलीवरून त्याच्या प्रमाणाचा.

१९७२ मध्ये कोपर्निकस उपग्रहावर स्पिट्झर यांच्या प्रिन्स्टनच्या गटाचा वर्णपटमापक गेला आणि ताऱ्यांच्या प्रकाशात त्या पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा सापडली. तारे आपल्याच आकाशगंगेतले होते. दुसऱ्या दीर्घिकांच्या गटांपर्यंत जायचे तर मोठा आरसा हवा होता.

घर कुणाचे? (१९७६–१९९०)

आरसा नासा उडवणार, हे ठरत आले. त्यावर काय पाहायचे आणि कुणी, हे कोण ठरवणार यावर मात्र बरीच ओढाताण झाली. नासाच्या गोडार्ड केंद्राला विज्ञानाचा कारभार आपल्याकडे हवा होता. विद्यापीठांतल्या खगोलशास्त्रज्ञांना तो सरकारी चौकटीबाहेर हवा होता. डोनाल्ड हॉर्निग यांच्या समितीने १९७६ मध्ये स्वतंत्र संस्थेच्या बाजूने कौल दिला. मग ही संस्था कुठे असावी यावर स्पर्धा झाली. प्रिन्स्टनचे नाव जोरात होते. १९८१ मध्ये विद्यापीठांच्या ‘ऑरा’ या महामंडळाला काम मिळाले आणि त्याने पुढे केलेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या आवारात संस्था उभी राहिली. गोडार्ड केंद्र तिथून तासाभराच्या अंतरावर. दुर्बिणीचे नियंत्रण तिकडे आणि विज्ञानाचा कारभार इकडे, ही वाटणी आजही आहे.

पहिले संचालक होते रिकार्डो जियाकोनी. त्यांनी नाव कमावले ते क्ष-किरण खगोलशास्त्रात. २००२ चे नोबेलही त्यांना त्यासाठीच मिळाले. क्ष-किरणांच्या माणसाकडे दृश्य आणि अतिनील प्रकाशाच्या दुर्बिणीची सूत्रे आली. दुर्बीण वर गेल्यावर बघू, ही वृत्ती त्यांना मानवणारी नव्हती. मापे कशी तपासायची, निरीक्षणांचा क्रम संगणकाने कसा लावायचा, आलेली माहिती कशी जपायची, याची तयारी उड्डाणाच्या कितीतरी आधी सुरू झाली. दुर्बिणीला आकाशात नेम धरण्यासाठी मार्गदर्शक तारे लागतात. त्यासाठी आकाशाच्या छायाचित्र-काचा यंत्राने वाचून सुमारे १ कोटी ९० लाख ज्योतींची यादी संस्थेने तयार केली आणि ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचा अपघात झाला आणि उड्डाण लांबले, त्या काळात हे काम पुरे होत गेले.

बिघडलेला आरसा (१९९०–१९९७)

२४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानातून हबल वर गेली. दोन महिन्यांत कळले, की २.४ मीटरचा आरसा घासताना चुकला आहे. कडेला तो साधारण २.२ मायक्रॉनने जास्त सपाट झाला होता. हा आकडा केसाच्या जाडीच्या काही टक्क्यांएवढाच, पण तेवढ्याने चित्रे धूसर झाली. वर्तमानपत्रांनी आणि व्यंगचित्रकारांनी संस्थेची आणि नासाची सालटी काढली.

या धामधुमीत एक गोष्ट झाकली गेली. चित्रांचा विचका झाला, तरी वर्णपटांचे काम थांबले नव्हते. फाकलेला प्रकाश फटीबाहेर वाया जात होता, त्यामुळे जास्त वेळ नेम धरावा लागत होता. पण आत शिरलेल्या प्रकाशातल्या खाचा वाचता येत होत्या. १९९१ मध्ये हबलच्या दोन्ही वर्णपटमापकांनी ३सी २७३ या तेजस्वी क्वेसारचे अतिनील वर्णपट घेतले. अतिदूरच्या, म्हणजे फार जुन्या काळातल्या विश्वात हायड्रोजनच्या विरळ ढगांची दाटी होती हे जमिनीवरच्या दुर्बिणींनी दाखवले होते. आजच्या विश्वात ते बहुतेक संपले असतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात अपेक्षेहून कितीतरी जास्त लायमन-अल्फा रेषा निघाल्या, आणि त्यांतल्या दोन कन्या दीर्घिकागुच्छाच्या अंतराशी जुळत होत्या. दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नाही, हे अधू डोळ्यानेच पहिल्यांदा दिसले. एका वर्णपटाच्या अभ्यासाचे नेतृत्व बाकॉल यांच्याकडे होते. संस्थेच्या सभागृहाला आज त्यांचेच नाव आहे.

आरशावरचा उपाय शोधण्यात संस्थेचा वाटा मोठा होता. संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या बैठकी सुरू असताना अभियंता जिम क्रॉकर यांना जर्मनीतल्या एका हॉटेलच्या न्हाणीघरात वर-खाली सरकणारा आणि हवा तसा वळणारा शॉवर दिसला. चुकीची भरपाई करणारे छोटे आरसे अशाच सरकत्या हातांवर बसवून प्रकाशाच्या वाटेत आणता येतील, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून ‘कोस्टार’ नावाची टेलिफोन-बूथएवढी पेटी तयार झाली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ती बसवली आणि हबलची नजर सुधारली. १९९७ च्या फेब्रुवारीत जुन्या दोन वर्णपटमापकांच्या जागी ‘स्टिस’ हा नवा मापक आला. लायमन स्पिट्झर पुढच्याच महिन्यात वारले.

गटांचे कोडे

आता गटांकडे वळू. दीर्घिका एकेकट्या फारशा राहत नाहीत. निम्म्याहून अधिक दीर्घिका लहान-मोठ्या गटांत आढळतात. आपली आकाशगंगा, देवयानी आणि त्यांच्याभोवतीच्या लहानसहान दीर्घिका मिळून असाच एक गट होतो. शेकडो-हजारो दीर्घिकांच्या गुच्छांमध्ये कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो आणि तो क्ष-किरणांत लखलखतो. मग लहान गटांमध्ये काय असते?

१९९३ मध्ये जॉन मलचेय आणि सहकाऱ्यांनी रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाच्या निरीक्षणांतून एनजीसी २३०० या लहानशा गटात पसरलेला तप्त वायू दाखवला. पुढे आणखी गटांत तो सापडला. त्यात एक मेख होती. ज्या गटांत लंबगोल दीर्घिका ठळक होत्या, तिथे क्ष-किरण मिळत. नुसत्या सर्पिल दीर्घिकांच्या गटांत मिळत नव्हते. तिथे वायूच नाही, की आहे पण क्ष-किरणांत चमकण्याइतका तापलेला वा दाट नाही? गटाचे वस्तुमान कमी असले, की त्याच्या गुरुत्वाच्या विहिरीत पडणारा वायू कमी तापतो. १९९६ मध्ये याच मंडळींनी सुचवले, की सर्पिल गटांमागे क्वेसार शोधावेत आणि त्यांच्या अतिनील वर्णपटात आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, ऑक्सिजनची खाच पाहावी.

अतिनीलच का, हे समजून घ्यायला हवे. क्ष-किरणांचे तेज घनतेच्या वर्गाने घटते. घनता दहापट कमी झाली की तेज शंभरपट कमी होते. गटांमधला वायू इतका विरळ, की लिटरभर जागेत एखादा कण, पुष्कळ ठिकाणी तेवढाही नाही. शोषणाला मात्र घनतेचा असा वर्ग लागत नाही. लाखो प्रकाशवर्षांच्या वाटेवर कण कितीही पांगलेले असोत, एकूण जेवढे भेटतील तेवढी खाच पडते. पुन्हा पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन साधारण तीन लाख अंशांना सर्वाधिक असतो. हे तापमान थंड ढग आणि तप्त वायू यांच्या मधले. क्ष-किरणांना ते कमी पडते आणि रेडिओ दुर्बिणींना ते सापडत नाही.

संस्थेच्या शेजारी, त्याच विद्यापीठाच्या आवारातून १९९९ ते २००७ या काळात ‘फ्यूज’ ही लहान दुर्बीण चालवली गेली. हबलच्या पट्ट्याहूनही आखूड तरंगांचा, सुमारे ९० ते ११९ नॅनोमीटरचा प्रदेश तिच्या वाट्याला होता. २००३ मध्ये केनेथ सेम्बाक आणि सहकाऱ्यांनी तिच्या १०२ दिशांच्या वर्णपटांत वेगाने फिरणाऱ्या आयनीभूत ऑक्सिजनच्या ८४ खुणा नोंदवल्या. आपल्या आकाशगंगेभोवती तप्त, विरळ वायूचे वेढे आहेत आणि त्यांतले काही कदाचित आपल्या स्थानिक गटाचे असावेत, असा त्याचा अर्थ निघत होता. हेच सेम्बाक पुढे संस्थेचे संचालक झाले. खाचा वाचणारा माणूस चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेच्या खुर्चीत बसला.

तिकडे स्टिसच्या वर्णपटांत टॉड ट्रिप आणि सहकाऱ्यांना २००० साली जवळच्या विश्वात ऑक्सिजनच्या अशा खाचा अपेक्षेहून दाट आढळल्या. विश्वाच्या आरंभी जेवढे साधे, म्हणजे अणूंचे, द्रव्य तयार झाले, तेवढे आजच्या तारे-दीर्घिकांत मोजून भरत नव्हते. उरलेले या पांगलेल्या वायूत असावे, या शक्यतेला बळ आले.

टांगणीची वर्षे (२००३–२००९)

जवळच्या विश्वातले मोजके तेजस्वी क्वेसार स्टिसने पाहून झाले होते. पुढे मंद क्वेसारांकडे जायला जास्त संवेदनशील मापक लागणार होता. कोलोरॅडो विद्यापीठाच्या जेम्स ग्रीन यांच्या ‘कॉस’ची निवड नासाने १९९७ मध्येच केली होती. त्याची रचना काटकसरीची आहे. अतिनील प्रकाशाला प्रत्येक आरसा महाग पडतो, दर परावर्तनाला त्यातला मोठा भाग गळतो. म्हणून दूर-अतिनील मार्गावर कॉसमध्ये एकच परावर्तन ठेवले. एकाच वक्र जाळीने प्रकाश फोडायचा, एकत्र आणायचा आणि मुख्य आरशाची चूकही निस्तरायची. मंद स्रोतांसाठी स्टिसच्या निदान दहापट संवेदनशीलता त्यातून मिळाली.

मापक तयार होत होता, पण न्यायचा कसा? फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. जानेवारी २००४ मध्ये नासाने हबलची शेवटची दुरुस्ती-मोहीम रद्द केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्टिसचा वीजपुरवठा जळाला. सूक्ष्म अतिनील वर्णपट घेण्याचे हबलचे साधन बंद पडले आणि नवे साधन जमिनीवर अडकले. या काळात संस्थेच्या माणसांनी, खगोलशास्त्रज्ञांनी आणि सामान्य अमेरिकी नागरिकांनी जो आवाज उठवला, तो नुसता विज्ञानाचा नव्हता. दुर्बीण लोकांची झाली होती. ऑक्टोबर २००६ मध्ये मोहीम पुन्हा मंजूर झाली.

मे २००९ मध्ये अटलांटिस यानातून गेलेल्या चमूपैकी जॉन ग्रुन्सफेल्ड आणि अँड्र्यू फ्यूस्टेल यांनी कॉस बसवला. ज्या खणात तो बसला, त्यातून कोस्टारची पेटी काढली. नव्या मापकांत आरशाच्या चुकीची भरपाई अंगभूतच होती, त्यामुळे चष्म्याचे काम संपले होते. तो आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या दिवशी स्टिसची पाळी होती. त्याच्या झाकणाला शंभराहून अधिक स्क्रू होते, पण अडले ते आधीच्या एका दांडीशी. तिच्या एका स्क्रूचा माथा खाल्ला गेला आणि तो फिरेना. जमिनीवरच्या अभियंत्यांनी तशाच दांडीवर घाईने चाचणी करून सांगितले, की ओढून तोडली तर चालेल. माइक मासिमिनो यांनी ती हाताने हिसडून तोडली. कोट्यवधी डॉलरच्या यंत्राची दुरुस्ती अखेर मनगटाच्या जोरावर झाली.

अठरा शिवारे, अठरा बोअर

कॉसने चित्र पालटले. २०११ मध्ये संस्थेतल्याच जेसन टमलिन्सन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तारे घडवत असलेल्या ३० दीर्घिकांपैकी २७ दीर्घिकांभोवती, सुमारे पाच लाख प्रकाशवर्षांपर्यंत, आयनीभूत ऑक्सिजन सापडला. ताऱ्यांची निर्मिती थंडावलेल्या १२ दीर्घिकांपैकी तो फक्त ४ दीर्घिकांभोवती होता.

हे एकेका दीर्घिकेभोवतीचे झाले. गटाच्या सामाईक जागेत काय आहे? २०१४ मध्ये कोलोरॅडोच्या जॉन स्टॉक आणि सहकाऱ्यांनी सर्पिल दीर्घिकांच्या गटांशी जुळणाऱ्या रुंद खाचा दाखवल्या. त्यांचे तापमान लाख ते दहा लाख अंशांच्या घरात येत होते आणि त्यांचा पसारा कोण्या एका दीर्घिकेच्या नावावर टाकण्याजोगा नव्हता. १९९६ च्या सूचनेला अठरा वर्षांनी उत्तर मिळू लागले. २०१७ मध्ये आणखी एक कडी जुळली. स्टेफनी पॉइंटन आणि सहकाऱ्यांना गटांतल्या दीर्घिकांभोवतीची ऑक्सिजनची खाच एकट्या दीर्घिकांभोवतीच्या खाचेपेक्षा उथळ आढळली. गटातला वायू जास्त तापलेला असेल, तर ऑक्सिजन आणखी इलेक्ट्रॉन गमावतो आणि ही विशिष्ट खूण पुसट होते.

याच्यापुढचे पाऊल नेमके गटांसाठी आखलेल्या पाहणीचे. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संचयिता बोरठाकूर, टायलर मकेब आणि सहकाऱ्यांनी अठरा गट निवडले आणि प्रत्येकाच्या मागचा एकेक तेजस्वी क्वेसार कॉसने पाहिला. निवडीत एक हिशेब होता. ऑक्सिजनची १०३ नॅनोमीटरची रेषा आपल्याजवळ कॉसच्या मुख्य पट्ट्याबाहेर राहते. शे-दीडशे कोटी प्रकाशवर्षे वा त्याहून दूरच्या गटांत मात्र विश्वाच्या प्रसरणाने ती दहा-वीस टक्के लांबते आणि पट्ट्यात येते. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: अठरांपैकी आठ दिशांना ऑक्सिजन सापडला, दहांना नाही.

ज्यांच्या शिवारात पाण्याची टंचाई असते त्यांना हा निकाल कळायला वेळ लागू नये. अठरा गावांत एकेक बोअर मारले आणि आठांना पाणी लागले. यावरून उरलेली दहा गावे कोरडी ठरत नाहीत. पाणी सगळीकडे सारखे पसरलेले नाही, एवढे मात्र पक्के होते. गटांतला वायू ठिगळाठिगळांचा आहे, निरनिराळ्या तापमानांचे थर एकमेकांना लागून आहेत, हे त्या खाचांमध्ये उमटले. त्याहून महत्त्वाची गोष्ट न सापडलेल्या दहांनी सांगितली. गटाची बहुतांश जागा व्यापणारा वायू ओळखायला ही ऑक्सिजनची खूण कदाचित योग्य नाही. जिथे ती मिळते, तिथे एकतर तप्त वायूत तिचा अंशमात्र असतो, नाहीतर तप्त आणि थंड वायूच्या सीमेवर ती तयार होत असते. ज्या खुणेवर वीस-पंचवीस वर्षे भिस्त ठेवली, तिची मर्यादा त्या खुणेनेच दाखवून दिली.

आपल्या अंगणात मात्र एका बोअरवर थांबावे लागत नाही. देवयानी दीर्घिका सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि आकाशात तिचा पसारा मोठा. निकोलस लेनर आणि सहकाऱ्यांनी तिच्यामागचे ४३ क्वेसार तपासले. २०२० मध्ये त्यांनी दाखवले, की तिचा वायूचा वेढा तेरा लाख प्रकाशवर्षांपर्यंत, काही दिशांना वीस लाखांपर्यंत पोचतो. आपल्या आकाशगंगेचाही असाच वेढा असेल, तर दोन्ही एकमेकांना आत्ताच टेकलेले असणार. त्याच वर्षी रेडिओ लहरींच्या क्षणिक स्फोटांवरून विश्वातल्या साध्या द्रव्याची एकूण बेरीज जुळल्याचे जाहीर झाले. बेरीज जुळली, पण कोणत्या खात्यात किती, हे त्या पद्धतीला सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा खाचांकडेच यावे लागते.

झिजणारा पाटा

ही सगळी नावे संशोधकांची. संस्थेचे काम त्यांच्या मागे, बहुतेक वेळा निनावी चाललेले असते. कॉसच्या प्रकाशग्राहकाचे पाहा. प्रकाश जिथे पुन्हा पुन्हा पडतो, तिथे तो झिजतो आणि संवेदना गमावतो. सर्वाधिक झीज करणाऱ्यांत पृथ्वीच्याच भोवतीच्या हायड्रोजनची चमक आहे. अब्जावधी प्रकाशवर्षांवरचा हायड्रोजन शोधायला निघालेल्या यंत्राला घरचाच हायड्रोजन पोखरतो. घरातला पाटा झिजला की टाकी लावून घेता येते. पण २००९ नंतर वर कोणी गेलेले नाही आणि टाकीवालाही जाणार नाही. म्हणून संस्थेच्या चमूने वर्णपट ग्राहकाच्या थोड्या वरच्या-खालच्या, न झिजलेल्या भागावर सरकवण्याची रीत बसवली. २०१२, २०१५, २०१७, २०२१ आणि त्यानंतरही असे सरकणे झाले. दर वेळी सगळी मापे नव्याने तपासावी लागतात. नाहीतर ग्राहकाचा डाग आणि वायूची खाच यांत फरक करता येणार नाही.

वेळेच्या वाटपातही संस्थेने घर आवरले. हबलची वेळ मागणारे अर्ज उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट येतात. परीक्षणात पुरुष अर्जदारांना वर्षानुवर्षे थोडे झुकते माप मिळत असल्याचे संस्थेने स्वतःच्याच नोंदींवरून तपासले. २०१८ पासून परीक्षकांना अर्जदाराचे नाव कळणार नाही अशी व्यवस्था केली, आणि त्या पहिल्याच फेरीत स्त्रियांचे यश पुरुषांपेक्षा किंचित वर गेले. नावाऐवजी कल्पना वाचण्याची ही पद्धत पुढे नासाच्या इतर दुर्बिणींनीही उचलली.

आणि कोठार. हबल, फ्यूज, त्याआधीचा आययूई उपग्रह, सगळ्यांची माहिती संस्थेच्या संग्रहात आहे. हबलसाठी सिनेटमध्ये वर्षानुवर्षे भांडलेल्या बार्बरा मिकुल्स्की यांचे नाव २०१२ मध्ये त्याला दिले गेले. ठरावीक मुदतीनंतर वर्णपट सगळ्या जगाला खुले होतात. पुण्याच्या आयुकातले आर. श्रीआनंद आणि त्यांचे विद्यार्थी सौगत मुझाहिद यांनी कॉसच्या वर्णपटांतून सात इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनचा, म्हणजे ऑक्सिजनपेक्षाही तापलेल्या वायूचा, माग काढला. तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत आनंद नारायणन हेच काम करत आले. २०१५ मध्ये गेलेल्या भारताच्या अॅस्ट्रोसॅटवर अतिनील दुर्बीण आहे, पण तिचे बळ चित्रांत. इतक्या बारीक खाचांसाठी बाल्टिमोरचे कोठारच उघडावे लागते.

पुढची पाने

२०२४ च्या फेब्रुवारीत जेनिफर लॉट्झ संस्थेच्या संचालक झाल्या. जूनमध्ये हबल दिशा सांभाळणाऱ्या एकाच गायरोवर चालवायला घेतली. २००९ मध्ये बसवलेल्या सहा गायरोंपैकी काही गळाले आहेत. संस्थेकडून विज्ञानाचा कारभार चालणारी जेम्स वेब दुर्बीण अवरक्त प्रकाश पाहते; अतिनीलकडे तिची पाठ आहे. २०२१ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या दशवार्षिक आढाव्याने अतिनीलही पाहू शकणाऱ्या, साधारण सहा मीटर आरशाच्या नव्या अवकाश-दुर्बिणीची शिफारस केली. तिच्यातून एका गटामागे एकाऐवजी अनेक मंद क्वेसार पाहता येतील, बोअरांची संख्या वाढेल. पण ती वर जायला अजून खूप वर्षे आहेत. हबलनंतर आणि तिच्याआधी मध्ये मोकळा काळ राहिला, तर दूर-अतिनीलाचे सूक्ष्म वर्णपट घेणारी मोठी दुर्बीण जगात एकही नसेल.

तोवर संग्रहावर चालेल, आणि संग्रह वाटतो तेवढा आटलेला नाही. एखाद्या क्वेसारचा वर्णपट कुणी दहा-पंधरा वर्षांपूर्वी निराळ्याच कामासाठी घेतलेला असतो. त्यातल्या काही खाचांना धनी मिळत नाही, त्या तशाच पडून राहतात. दरम्यान जमिनीवरच्या दुर्बिणी त्या दिशेच्या मंद दीर्घिकांची अंतरे मोजत येतात, आणि एक दिवस कळते की त्या वाटेवर पाच-सहा दीर्घिकांचा एक गट आहे. मग कुणीतरी, पुण्यात किंवा कोलोरॅडोत, तो जुना आलेख पुन्हा उघडतो आणि बेवारस खाचेपुढे गटाचे नाव लिहितो. खाच विश्वासाची ठरते, कारण ती टिपली त्या दिवशी ग्राहकाचा तो कोपरा किती झिजला होता, याची नोंद सॅन मार्टिन ड्राइव्हवरच्या कुणीतरी करून ठेवलेली असते.